परवान्याची बंदूक आणि सीमा

नाशिकहून गाडीने पशुपतिनाथाला निघालात, तर परवान्याची बंदूक सोबत नको. सोनौलीच्या नेपाळ सीमेवर आपल्याला व्हिसा लागत नाही, म्हणून बंदूकही चालेल असं नाही. भारतीय शस्त्र परवान्याला नेपाळमध्ये किंमत शून्य. घर बंद राहणार असेल तर परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या.

नेपाळ तर लांबच, आधी परवान्यावरचा क्षेत्राचा रकाना वाचा. तिथे नुसतं ‘महाराष्ट्र’ असेल, तर सापुताऱ्यालाही बंदूक नेता येत नाही, ते गुजरातेत! क्षेत्र वाढवायचा अर्ज शहरातल्यांनी पोलीस आयुक्तालयात, ग्रामीण भागातल्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयात करावा. आणि निघण्याआधी बॅगेचे कप्पे झटकून बघा; विमानाने जाणार असाल, तर बॅगेत विसरलेलं एक काडतूसही विमानतळावर प्रवास थांबवतं.