ठाणे-नवी मुंबईहून जपानला येताय? परमिटची तारीख नीट मोजा

मी नौपाड्यातली. लग्नानंतर जपानला आले त्याला ११ वर्षं झाली. दर एप्रिलमध्ये आमच्या नागोयाच्या बाजूला ठाणे, ऐरोली, खारघरची नवी मंडळी येतात आणि पहिल्याच महिन्यात विचारतात, "ताई, इंटरनॅशनल लायसन्सवर गाडी चालते ना?" चालते. पण किती दिवस, हे कुणी विचारत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

तोक्योत, निशी-कासाईला वगैरे राहणार असाल तर गाडी लागतच नाही. नागोया, तोयोता, हामामात्सुकडे नोकरी असेल तर मात्र गाडीवाचून पावलोपावली अडतं.

परमिट, म्हणजे हेच इंटरनॅशनल लायसन्स, भारतातूनच काढून या. सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, फॉर्म ४-ए, फी १,००० रुपये. तुमचा पत्ता ज्या आरटीओच्या हद्दीत, तिथेच जायचं: ठाण्याला एमएच-०४, डोंबिवली-कल्याणला ०५, ऐरोली-वाशी-नेरूळला ४३, खारघर-पनवेलला ४६. व्हिसा आणि डॉक्टरच्या दाखल्याची अट २०२१ मध्ये निघाली, तरी व्हिसाची आणि तिकिटाची झेरॉक्स फाइलमध्ये असू द्या. खिडकीवर वाद घालण्यात अख्खी सकाळ जाते. परमिट १ वर्षाचं मिळतं. मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल तर परमिटही त्याच दिवशी संपतं, म्हणून आधी लायसन्सची तारीख बघा.

ऑनलाइन पैसे भरून घरपोच मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या 'इंटरनॅशनल लायसन्स' कार्डांच्या नादी लागू नका. जपान १९४९ च्या जिनिव्हा कराराच्या नमुन्यातलंच परमिट मानतो. भारत त्या करारात आहे, म्हणून आरटीओची पुस्तिका इथे चालते. ते कार्ड नाही.

बायकांना खास सांगते. माझं लायसन्स माहेरच्या नावावर होतं आणि पासपोर्ट सासरच्या. ही दुरुस्ती ठाण्यात असतानाच उरका. इथून ती करायची म्हणजे आईवडिलांना हेलपाटे.

आता मुख्य गोष्ट. ही मला फार महाग पडली आहे.

जपानमध्ये परमिट चालतं ते तुम्ही उतरल्यापासून १ वर्ष किंवा परमिटची मुदत, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत. माझं पहिलं परमिट संपलं. गणपतीला तीन आठवडे घरी गेले, तेव्हा नवं काढलं आणि परत येऊन गाडी चालवायला लागले. ओळखीतल्या चार-पाच जणांनी तसंच केलं होतं. "सगळे असंच करतात," हे वाक्य परदेशातल्या आपल्या माणसांत कायद्यासारखं फिरतं. पण इथे रहिवासी म्हणून नोंद झालेली व्यक्ती देशाबाहेर जाऊन ३ महिन्यांच्या आत परत आली, तर ते नवं आगमन धरत नाहीत. वर्ष मोजतात ते आधीच्या तारखेपासूनच. म्हणजे माझं नवंकोरं, खरंखुरं, ठाणे आरटीओचं परमिट इथे कागदाचा तुकडा होतं.

मुलीला पाळणाघरातून आणताना रस्त्यावरच्या साध्या तपासणीत मला थांबवलं. पोलिसाने पासपोर्टवरचे शिक्के एकेक करून मोजले, अतिशय नम्रपणे. ती नम्रता बघून मला वाटलं, समज देऊन सोडतील. इथे नम्रता वेगळी आणि नियम वेगळा. हा विनापरवाना वाहन चालवण्याचा गुन्हा धरतात: ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख येनपर्यंत दंड. माझं दंडावर भागलं, पण पुढची दोन वर्षं मला जपानी लायसन्स घेता आलं नाही. थंडीत, पावसात मुलीला सायकलवर बसवून नेताना रोज ते तीन आठवडे आठवायचे. परमिट खरं असलं तरी पुरत नाही. तारीख बसली पाहिजे. विमानतळावर स्वयंचलित गेटमधून आलात तर शिक्का पडत नाही, तेव्हा तो मागून घ्या.

म्हणून पहिल्या वर्षातच भारतीय लायसन्स जपानीमध्ये बदलून घ्या. याला 'गाइमेन किरिकाए' म्हणतात. ऑक्टोबर २०२५ पासून लेखी परीक्षा १० ऐवजी ५० प्रश्नांची झाली आहे आणि ९० टक्के लागतात. पुढे लायसन्स केंद्राच्या ट्रॅकवर गाडी चालवून दाखवायची. मुंबई-पुणे रस्ता घोटून प्यायलेली माणसं इथे तीन-तीनदा नापास झालेली मी पाहिली आहेत, कारण वळताना मान वळवून मागे बघितलं की नाही याचेही गुण असतात. त्याची लाज वाटून घेऊ नका. पुन्हा द्या.

भारतीय लायसन्स मिळाल्यानंतर तुम्ही भारतात किमान ३ महिने राहिलात, हे इथे सिद्ध करावं लागतं. त्यासाठी जुने, रद्द झालेले पासपोर्टही बरोबर आणा. घरी कपाटात ठेवून येतात आणि मग कुरियरची वाट बघतात. लायसन्स नूतनीकरण झालेलं असेल तर आरटीओतून त्याचा उताराही काढून आणा, त्यावर पहिल्यांदा कधी मिळालं ती तारीख असते. आणि मोबाइलमधलं डिजिटल लायसन्स इथे कुणी बघत नाही, मूळ कार्ड लागतं.

चालवण्याबद्दल दोनच गोष्टी. आपल्यासारखंच डावीकडून चालायचं असल्याने हात लवकर बसतो आणि तिथेच चूक होते. तीन हात नाक्यावर लाल दिव्याला डावीकडे सरकायची जी सवय आहे ती इथे चालत नाही. लाल म्हणजे डावीकडेही थांबायचं. आणि उलट्या त्रिकोणाची लाल पाटी, 'तोमारे', दिसली की रस्ता मोकळा असला तरी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. रेल्वे फाटकाशीही तसंच, फाटक उघडं असलं तरी.