परदेशात ब्रँड नेण्याआधी नाव राखून ठेवा

ट्रेडमार्कचं संरक्षण देशापुरतंच असतं. माल परदेशात पोचेपर्यंत तिथे आपलं नाव दुसऱ्याच्या नावावर झालेलं असू शकतं.

1. वायपोच्या (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या) ग्लोबल ब्रँड डेटाबेसमध्ये नाव शोधा. मोफत आहे, आणि लोगोचं चित्र टाकूनही मिळतेजुळते लोगो सापडतात. ही सोय फार कामाची आहे.
2. नाइस वर्गीकरणाच्या (ट्रेडमार्कसाठी माल आणि सेवांची आंतरराष्ट्रीय विभागणी) 45 वर्गांतून आपला वर्ग निवडा.
3. पहिल्या अर्जापासून 6 महिन्यांत पॅरिस कराराच्या (ट्रेडमार्क, पेटंट अशा हक्कांचा करार, हवामानाचा नव्हे) इतर सदस्य देशांत अर्ज करून अग्रक्रम मागा. तिथेही पहिल्या अर्जाचीच तारीख धरली जाते. देश बरेच असतील तर माद्रिद पद्धतीने, म्हणजे वायपोमार्फत, तिच्या सदस्य देशांसाठी एकच अर्ज पुरतो.

चीनमध्ये आधी अर्ज करणाऱ्याचं पारडं जड असतं, म्हणून तिथला अर्ज वितरकाशी बोलणी सुरू होण्यापूर्वीच करा, चिनी लिपीतल्या नावासकट.