पोपपदासाठी एखादं नाव तपासायचं कसं?

पोपची निवडणूक जवळ आली की वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात एकच विषय निघतो: आपल्याकडचा कुणी होईल का? उत्तरं बहुतेक वेळा चुकतात, कारण तीन वेगळे प्रश्न एकत्र कालवले जातात. निवडून कोण येऊ शकतो, मत कोण देऊ शकतो आणि प्रत्यक्षात मतं कुणाला पडतात. नाव हाती आलं की ते याच क्रमाने तपासावं.

पहिली चाळणी अगदी मोठ्या भोकांची आहे. माणूस पुरुष हवा, बाप्तिस्मा झालेला कॅथलिक हवा, समज शाबूत असलेला हवा आणि बिशपपदाची, म्हणजे धर्मप्रांताच्या प्रमुखाच्या पदाची, दीक्षा घेण्याजोगा हवा. बस्स. कार्डिनल, म्हणजे पोप निवडणाऱ्या मंडळातला वरिष्ठ धर्मगुरू, असलाच पाहिजे, असं कुठलाही नियम म्हणत नाही. बिशप किंवा फादर असण्याचीही अट नाही. कॅनन कायद्याचं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याचं, 332 वं कलम एवढंच सांगतं की निवडून आलेला माणूस बिशप नसेल, तर त्याला लगेच बिशपपदाची दीक्षा द्यायची. तोवर पोपचे अधिकार त्याच्याकडे येत नाहीत. वसईचे संत गोन्सालो गार्सिया फ्रान्सिस्कन ब्रदर होते, फादर कधीच झाले नाहीत. तसा एखादा ब्रदर आज हयात असेल, तर नियमाने तोही पात्र. प्रॉटेस्टंट मात्र बाद, आणि स्त्रियाही, कारण दीक्षा फक्त पुरुषाला मिळते.

लग्नाचा प्रश्न हमखास येतो. 867 मध्ये पोप झालेले दुसरे एड्रियन विवाहित होते, तेव्हा लग्नामुळे माणूस मुळातूनच बाद होतो असं नाही. पण आजच्या कार्डिनलांपैकी कुणी संसारी माणसाला मत देईल, ही अपेक्षा धरू नये.

मग सगळे पोप कार्डिनलच का निघतात? सवय. कार्डिनल नसलेला माणूस शेवटचा निवडून आला 1378 मध्ये: बारीचे आर्चबिशप, पुढे सहावे अर्बन. त्यानंतर काही महिन्यांतच चर्चमध्ये मोठी फूट पडली आणि ती सुमारे चाळीस वर्षं टिकली. निवडून येताना फादरही नसलेले शेवटचे पोप 1513 चे दहावे लिओ; त्यांना आधी फादर, मग बिशप करावं लागलं. 1831 मध्ये सोळावे ग्रेगरी निवडले गेले तेव्हा कार्डिनल होते, बिशप नव्हते.

आता मतदार. सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. ज्या दिवशी पोपचं पद रिकामं होतं, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत ज्या कार्डिनलांची 80 वर्षं पूर्ण झालेली नाहीत, त्यांनाच मत. मतदानाचा दिवस मोजायचा नाही, पद रिकामं झाल्याचा दिवस मोजायचा. मुंबईचे माजी आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशस यांचा जन्म 24 डिसेंबर 1944 चा. पोप फ्रान्सिस वारले 21 एप्रिल 2025 ला. चार महिन्यांच्या फरकाने त्यांचं मत गेलं. पात्रता मात्र गेली नाही: निवडून येण्याला वयाची वरची मर्यादाच नाही. गोव्याचे कार्डिनल फिलीप नेरी फेर्राव 20 जानेवारी 1953 चे, म्हणून 2025 मध्ये त्यांना मत होतं. त्या वेळी भारताचे चार मतदार होते. मतदार 120 पेक्षा जास्त नसावेत असा लिखित नियम आहे, तरी 135 जण पात्र ठरले आणि 133 आत गेले.

निवडून यायला दोन तृतीयांश मतं लागतात; आकडेमोड करताना दोन तृतीयांश नेहमी वरच्या पूर्णांकाला न्यायचे. 133 चे दोन तृतीयांश 88.67, म्हणून 89 मतं लागतात. याचा उलटा अर्थ जास्त कामाचा: 45 जणांनी ठरवलं, तर ते कुणालाही अडवू शकतात. म्हणून एका गटाचा लाडका उमेदवार सहसा अडकतो आणि कुणालाच फारसा न खुपणारा पुढे सरकतो. टीव्हीवरच्या ‘पापाबिले’च्या याद्या, म्हणजे पोप होण्याजोग्यांच्या याद्या, बघताना हा आकडा जवळ ठेवावा.

योग्यता कुठेही लिहिलेली नाही, पण कार्डिनल काय बघतात हे कळण्यासारखं आहे. वय साधारण साठीच्या मध्यापासून सत्तरीच्या मध्यापर्यंत. दुसरे जॉन पॉल 58 व्या वर्षी निवडले गेले आणि 26 वर्षांहून जास्त काळ राहिले. तेवढी लांब कारकीर्द सगळ्यांनाच नको असते. धर्मप्रांत चालवल्याचा अनुभव हवा, आणि रोमच्या कचेऱ्यांची ओळखही. नुसता कचेरीतला माणूस लोकांपासून दूर वाटतो. नुसत्या गावाकडच्या बिशपांना व्हॅटिकनचा कारभार नवा पडतो. इटालियन येणं जवळजवळ सक्तीचं, कारण पोप आधी रोमचे बिशप असतात. आणि मुलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी त्यांनी कशा हाताळल्या, हे आता आधीच खोदून काढलं जातं. 2025 मध्ये निवडून आलेले अमेरिकन पोप चौदावे लिओ, मूळ नाव रॉबर्ट फ्रान्सिस प्रीव्होस्ट, या कसोट्यांवर बघा: निवडीच्या वेळी 69 वर्षांचे, ऑगस्टिनियन या धर्मसंघाचे बारा वर्षं प्रमुख, पेरूत चिक्लायोचे बिशप, मग रोममध्ये बिशपांच्या नेमणुका बघणाऱ्या खात्याचे प्रमुख. अमेरिकन माणूस पोप होणार नाही असं वर्षानुवर्षं छातीठोक सांगितलं जायचं. देशाची अट कधीच नव्हती.

चिठ्ठीवर वर छापलेलं असतं, ‘मी सर्वोच्च धर्मगुरू म्हणून निवडतो’, लॅटिनमध्ये. खाली एकच नाव लिहायचं, तेही आपलं अक्षर ओळखू येणार नाही असं, आणि घडी घालायची. आधी चिठ्ठ्या नुसत्या मोजतात. मतदारांच्या संख्येशी जुळल्या नाहीत, तर न उघडता जाळून लगेच पुन्हा मतदान. जुळल्या तर नावं मोठ्याने वाचताना प्रत्येक चिठ्ठी ‘एलिगो’ (मी निवडतो) या शब्दावर सुईने टोचून दोऱ्यात ओवली जाते. पैसे देऊन मतं घेणाऱ्यांवर बहिष्कार बसतो, पण निवड रद्द होत नाही. हे मुद्दाम ठरवलंय, नाहीतर कुणीही उठून नव्या पोपला आव्हान देत बसेल.

समजा, देवगडच्या बाजूचा एखादा साधा फादर निवडला गेला. त्याला गाजावाजा न करता रोमला आणतात, आधी होकार विचारतात. तो नाही म्हणू शकतो. हो म्हणाला तर आधी बिशपपदाची दीक्षा, मगच सज्जातून घोषणा. म्हणजे निकाल कळवणारा धूर (काळा म्हणजे निवड झाली नाही, पांढरा म्हणजे झाली) बघत बसलेल्यांना थांबावं लागेल.

धुराच्या वेळा आपल्याकडच्या घड्याळात: रोम उन्हाळ्यात साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. काळा धूर साधारण दुपारी बारा आणि संध्याकाळी सातच्या सुमाराला येतो, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी साडेतीन आणि रात्री साडेदहा. पांढरा कधीही येऊ शकतो. 8 मे 2025 ला तो आपल्या रात्री साडेनऊनंतर दिसला. घोषणेत माणसाचं पहिलं नाव लॅटिन रूपात येतं, आडनाव तेवढं जसंच्या तसं. ‘रोबेर्तुम फ्रान्चिस्कुम’ ऐकून अनेकांना उलगडलंच नाही, ‘प्रीव्होस्ट’ उच्चारेपर्यंत. तेव्हा मतदारांची पहिल्या नावांसकट यादी आधीच काढून ठेवावी.