लग्नाशिवायचं बापपण, डीएनए आणि पोटगी : या चुका टाळा

बापपणाच्या दाव्याची नोटीस आली, वाचली आणि कपाटात गेली. ‘मूल माझं नाहीच, मग कोर्टात जायचं कशाला?’ हा विचार मनात आला की समजावं, सगळ्यात महागडी चूक होऊ घातली आहे. कोर्टाला तुमच्या मनातलं कळत नाही, गैरहजेरी तेवढी दिसते. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत असा गैरहजर माणूस कुठल्याही चाचणीविना एकतर्फी निकालाने बाप ठरतो आणि लगोलग पोटगीही सुरू होते. पुढे डीएनए अहवालात ‘हा बाप नाही’ असं आलं, तरी पहिला प्रश्न ‘तेव्हा का आला नाहीत?’ हाच असतो.

म्हणून पहिल्याच तारखेला जा, लेखी नकार द्या आणि चाचणीची मागणी करा. एकतर्फी निकाल आधीच लागला असेल, तर तो रद्द करण्याचा अर्ज लगेच द्या. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली असेल, तर त्या काळात दुसरीकडे राहत होतात याचा कागद सोबत जोडा. इथे मुदती असतात आणि त्या वाट पाहत नाहीत.

याच्या उलट चूक घाईची. बाळ जन्मलं, सगळे भावुक झाले, कुणीतरी बापपण कबूल करण्याचा फॉर्म पुढे केला आणि सही झाली. मनात शंका होती, पण ती बोलायची ती वेळ नव्हती. ही सही म्हणजे औपचारिकता नव्हे. अमेरिकेत अशी स्वेच्छेची कबुली साधारणपणे ६० दिवसांत मागे घेता येते. त्यानंतर फसवणूक, दबाव किंवा वस्तुस्थितीबाबतची मोठी चूक सिद्ध करावी लागते. शंका असेल तर आधी चाचणी, मग सही. यात बाळाचा किंवा आईचा अपमान आहे असं मला वाटत नाही. पाच वर्षं बाबा म्हणवून घेऊन मग अंग काढून घेणं त्याहून कितीतरी वाईट.

आणि सही टाळली की पोटगी टळते, हाही भ्रमच. भारतात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५) मूल औरस की अनौरस हा भेद पोटगीसाठी करत नाही. हक्कांचं मात्र तसं नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ नुसार अनौरस मुलाची नैसर्गिक पालक आधी आई, तिच्यानंतर बाप. इंग्लंड-वेल्समध्ये १ डिसेंबर २००३ पासून दोघांनी मिळून केलेल्या जन्मनोंदणीत नाव लागलं, की अविवाहित बापाला पालकत्वाची कायदेशीर जबाबदारी मिळते. ज्याला मुलाच्या आयुष्यात राहायचं आहे, त्याने नाव लावायचा कंटाळा केला तर पुढे पैसे भरूनही निर्णयात जागा मागायला वेगळा अर्ज करावा लागतो.

मुलाची आई दुसऱ्याची पत्नी असेल तर गुंता आणखी वाढतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६ प्रमाणे वैध विवाहात, किंवा विवाह संपल्यावर आई अविवाहित असताना २८० दिवसांत जन्मलेलं मूल पतीचंच मानलं जातं. गर्भधारणेच्या काळात पती-पत्नीचा संबंध येणं शक्यच नव्हतं, हे दाखवलं तरच तो समज मोडतो. तिथे ‘डीएनए करा म्हणजे कळेल’ म्हणून भागत नाही. कोर्ट चाचणीचा आदेश सहजासहजी देत नाही.

आता चाचणी. रक्तगटावरून बाप शोधणारे अजून भेटतात. रक्तगट फार तर ‘हा नव्हे’ एवढंच सांगतो. आणि तेही कोर्टाने ऐकलं पाहिजे! अभिनेता चार्ली चॅप्लिनवरच्या बापपणाच्या खटल्यात आईचा गट ए, मुलीचा बी आणि त्याचा ओ होता, म्हणजे तो बाप असणं जुळत नव्हतं. तरी १९४५ मध्ये ज्युरीने त्यालाच बाप ठरवलं, कारण तेव्हा कॅलिफोर्नियात तो पुरावा निर्णायक नव्हता. ब्रिटिश शास्त्रज्ञ अ‍ॅलेक जेफ्रीज यांना १९८४ मध्ये डीएनए ठशांची युक्ती सापडली आणि चित्र पालटलं. डीएनएमधल्या तपासलेल्या प्रत्येक जागी मुलाचा एक अंश आईकडून येतो, दुसरा बापाकडून. बरेच अंश जुळले नाहीत तर विषय संपला; एखादाच जुळला नाही, तर ते उत्परिवर्तनही (डीएनएमध्ये आपोआप झालेला बदल) असू शकतं, म्हणून प्रयोगशाळा आणखी जागा तपासते. ‘९९.९९ टक्के म्हणजे शंका उरलीच ना?’ असा वाद घालू नका. जुळणीचा आकडा शंभर कधीच नसतो.

खरी गफलत नमुन्यात होते. घरी किट मागवून गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्याने तुमची खात्री पटेल, पण तो नेमका कुणाचा हे कोर्टात कोण सांगणार? ओळख पटवून, सील करून, नोंदीसह पाठवलेला नमुनाच टिकतो. फ्रान्समध्ये तर कोर्टाच्या आदेशाविना अशी चाचणी करून घेणं गुन्हा आहे. बाप तुमचा सख्खा भाऊ असल्याचा संशय असेल किंवा तुमचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं असेल, तर ते आधीच सांगा. प्रत्यारोपणानंतर रक्तात दात्याचा डीएनए मिळू शकतो. एकरूप जुळे भाऊ असतील तर नेहमीच्या चाचणीचं काही चालत नाही. नमुना द्यायलाच नकार दिलात, तर कोर्ट त्याचा विरुद्ध अर्थ काढू शकतं.

पैशाच्या चुका साध्या, म्हणूनच सर्रास होतात. रोख दिलेले पैसे, खेळणी, शाळेची बॅग यांची पोटगीत गणती होईलच असं नाही. बँकेतून पाठवा, महिना लिहा. ‘मुलाला भेटू देत नाही, मग पैसेही नाहीत’ हे तर करूच नका. भेटीसाठी वेगळा अर्ज असतो आणि थकबाकी तुमच्याच नावावर चढते. नोकरी गेली तर त्याच आठवड्यात रक्कम कमी करण्याचा अर्ज द्या. अमेरिकेत १९८६ च्या कायदा-दुरुस्तीनंतर चढलेली थकबाकी मागे जाऊन कमी करता येत नाही. अर्ज करून समोरच्याला कळवल्यानंतरच्या रकमेपुरताच फरक पडतो.

आईनेही ‘तो आपणहून देईल’ म्हणत वर्षं घालवू नयेत. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असं सांगितलं आणि दोन्ही बाजूंना उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं. अर्जाआधीचे महिने गेले ते गेलेच. त्या प्रतिज्ञापत्रात कमाई लपवणाऱ्याला स्वतःचेच बँक उतारे अडचणीत आणतात.

आणि घर बदललंत तर नवा पत्ता कोर्टाला कळवा, नाहीतर पुढची नोटीस पुन्हा जुन्याच दारावर जाईल.