डोंगरउतारावर घर बांधण्यापूर्वी जमिनीची पारख कशी करावी

सह्याद्रीच्या उतारावर घर बांधू इच्छिणाऱ्याने प्लॉटच्या हद्दीच्या खुणा तपासण्याआधी त्याच्या वरचा डोंगर पाहावा. ३० जुलै २०१४ रोजी माळीण येथे आणि २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे घरे गाडली गेली, ती वरच्या उतारावरून आलेल्या दरडीखाली. विकणारा दरीकडचा देखावा दाखवत असतो. आपण त्याकडे पाठ करून माथ्यापर्यंत चढावे आणि नंतर खालच्या ओढ्यापर्यंत उतरावे. ही फेरी एकदा मे महिन्यात, गवत वाळून जमीन उघडी पडल्यावर, आणि एकदा ऐन जुलैत करावी. पावसाळा पाहिल्याशिवाय डोंगरावरची जमीन घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उन्हाळी फेरीत माथ्याजवळ चंद्रकोरीसारख्या भेगा, एकाएकी खचलेल्या पायऱ्यांसारखे टप्पे, कललेले विजेचे खांब, फुगलेले किंवा ढासळलेले गडगे (दगड रचून केलेले बांध) आणि बुंध्यापाशी वाकून मग सरळ वर गेलेली झाडे शोधावीत. एखाद-दुसऱ्या वाकड्या झाडावरून काही सिद्ध होत नाही, पण सगळी झाडे एकाच दिशेला वाकलेली असतील तर माती हळूहळू खाली सरकत असण्याची दाट शक्यता असते. उतारावर मोठे दगड पडलेले असल्यास ते कुठल्या कड्यावरून आले आणि त्या कड्यावर ताजे, शेवाळ न धरलेले व्रण आहेत का, हे पाहावे. घळीच्या तोंडाशी पसरलेली सपाट, सुपीक जागा सर्वांत मोहक दिसते आणि बहुधा तीच सर्वांत धोक्याची असते, कारण ती सपाटी पूर्वी घळीतून वाहून आलेल्या दगडमातीनेच तयार झालेली असते.

पावसाळी फेरीत फक्त पाणी पाहावे. सह्याद्रीतील बेसाल्टचे थर एकावर एक रचलेले असून काही थरांच्या मध्ये तांबड्या, मऊ मातीचा पातळ पट्टा असतो. वरच्या कातळाच्या फटींतून मुरलेले पाणी त्या पट्ट्यावर अडते आणि झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. उतारावर एकाच उंचीवर झऱ्यांची रांग दिसली, तर असा पट्टा तेथे असू शकतो. कोकणात जांभ्याच्या खाली अनेकदा चिकणमाती असते. ती पाण्याने धुपून निघाली की वरचा जांभा आधार सुटून ठोकळ्यांनी कोसळतो. कातळावरील मातीचा थर पाण्याने पूर्ण भिजला की त्याचे वजन वाढते आणि आतल्या पाण्याच्या दाबामुळे कणांची एकमेकांवरची पकड सुटते. झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले किंवा वाहता ओहोळ भर पावसात एकाएकी आटला, तर तपासणी सोडून तत्काळ तेथून दूर जावे.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवणतेचे नकाशे जरूर पाहावेत, पण ते १:५०,००० प्रमाणातील आहेत, म्हणजे त्यावर दहा गुंठ्यांच्या प्लॉटची बाजू एक मिलिमीटरही भरत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेलेली इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. तेव्हा नकाशाने धोका दाखवला तर तो मानावा; दाखवला नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. उतार मात्र स्वतः मोजता येतो: गवंड्याची पाण्याची नळी घेऊन पाच मीटर आडव्या अंतरात जमीन किती उतरते ते पाहावे. एक मीटरहून अधिक उतरत असल्यास बांधकामाची परवानगी मिळते का, हे नियोजन कार्यालयात आधी विचारावे.

जेसीबीने टप्पे पाडून विकल्या जाणाऱ्या प्लॉटांबाबत अधिक सावध राहावे. टप्प्याची आतली बाजू डोंगर कापून आणि बाहेरची बाजू त्याच मातीचा भराव टाकून केलेली असते; अर्धे घर मूळ जमिनीवर आणि अर्धे भरावावर आले की ते असमान खचते. शिवाय कापलेल्या बाजूने वरच्या उताराचा पायथाच नाहीसा झालेला असतो. वरच्या आणि खालच्या कडेला सुमारे तीन मीटर खोल खड्डे घेतले की भराव ओळखू येतो: रंगांची सरमिसळ, विटांचे तुकडे, गाडलेले गवत.

त्यानंतर भूतंत्र अभियंत्याकडून, म्हणजे बांधकामासाठी माती व खडक तपासणाऱ्या अभियंत्याकडून, तपासणीचे बोअर घ्यावेत. यंत्राला कठीण दगड लागला म्हणजे कातळ लागला असे नव्हे. तो मातीत अडकलेला धोंडा असू शकतो, म्हणून दगडात आणखी काही मीटर खोल जाण्याचा आग्रह धरावा. उतार पूर्ण भिजलेला असताना त्याची स्थिरता किती राहते, याचे गणित अहवालात मागावे. कोरड्या मातीवर केलेले गणित येथे निरुपयोगी आहे. १९६७ च्या कोयना भूकंपाने हादरलेल्या पाटण-चिपळूण पट्ट्यात भूकंपाचा विचारही त्यात हवा.

घराच्या आराखड्यात शोषखड्डा कुठे आहे तेही पाहावे. सपाटीवर स्तुत्य ठरणारे पाणी मुरवणे डोंगरउतारावर घातक ठरू शकते. छपराचे पाणी पक्क्या गटाराने नैसर्गिक ओहोळापर्यंत न्यावे आणि संरक्षक भिंतीला पाणी निघून जाण्यासाठी भोके ठेवावीत.

हे सारे साठेखतापूर्वी व्हायला हवे. इसार देताना, अहवाल प्रतिकूल आल्यास रक्कम परत मिळेल अशी अट लेखी घ्यावी. जो विक्रेता खड्डे घेऊ देत नाही, त्याच्याशी पुढील बोलणी करू नयेत.