वारीला निघालेल्या आईबाबांच्या फोनची तयारी

वारीची तयारी म्हटली की कांबळं, अंगावर घ्यायचा प्लास्टिकचा कागद, गुडघ्याचं तेल, गोळ्यांचा डबा ही यादी घरोघरी पाठ असते. फोन त्या यादीत अगदी शेवटी येतो, तोही ‘चार्जर घेतलास का?’ एवढ्यापुरता. अडीच-तीन आठवड्यांची वाट, लाखोंची गर्दी, पाऊस आणि रोज नवा मुक्काम. अशा प्रवासात फोन हरवण्यात काहीच नवल नाही. हरवलेला फोन परत मिळेल का, हे पुष्कळदा तो कुणाच्या हाती लागतो यावर असतं. आईच्या खात्यातले पैसे आणि तिचा नंबर मात्र आपल्याला नक्की वाचवता येतात, पण त्यासाठीचं काम ती घरात असतानाच करावं लागतं. ते निदान आठ दिवस आधी हाती घ्या. आदल्या रात्री सगळं बदलून दिलं, तर आळंदीला पोहोचेपर्यंत तिला स्वतःचाच फोन उघडता यायचा नाही.

पहिलं काम गूगल खात्याचं. फोन घेतला तेव्हा दुकानातल्या मुलानेच ईमेल तयार करून दिला, पासवर्ड त्यानेच टाकला आणि तो कुठेच लिहिलेला नाही, हे बहुतेक ज्येष्ठांच्या फोनचं वास्तव आहे. हरवलेला फोन शोधायला हाच ईमेल आणि हाच पासवर्ड लागतो. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन खातं कोणतं आहे ते बघा, पासवर्ड बदलून घ्या आणि खातं परत मिळवण्यासाठीचा नंबर म्हणून तुमचा नंबर द्या. मग तेच खातं तुमच्या फोनमध्येही जोडा. याचा मोठा फायदा असा, की उद्या गूगलने ‘हे तुम्हीच आहात का?’ असं विचारलं तर तो प्रश्न तुमच्याही फोनवर येईल. नाहीतर हरवलेला फोन शोधायला त्याच हरवलेल्या फोनवर आलेला ओटीपी लागतो आणि माणूस तिथेच अडकतो. तुमच्या फोनवर फाइंड हब उघडा (हे हरवलेला फोन शोधायचं गूगलचं अ‍ॅप, ‘फाइंड माय डिव्हाइस’चंच हे २०२५पासूनचं नाव) आणि आईचा फोन सायलेंटवर ठेवून वाजवून बघा. दुसऱ्या खोलीतून तो मोठ्याने वाजला, की पहिलं काम झालं. आईच्या फोनमध्ये फाइंड हबच्या सेटिंगमध्ये फोन ऑफलाइन असतानाही शोधण्याची सोय असते. ती ‘सर्व ठिकाणी’ यावर ठेवा. फोनला रेंज नसली तरी आसपासच्या अँड्रॉइड फोनच्या ब्लूटूथमधून त्याचा ठावठिकाणा कळू शकतो, आणि पालखीच्या वाटेवर अशा फोनना तोटा नाही. मात्र फोन पुरता बंद केला की बहुतेक अँड्रॉइड फोन दिसेनासे होतात. गूगल मॅप्सवरून आईचं लोकेशनही स्वतःशी शेअर करून ठेवा. फोन हरवला नाही तरी आज दिंडी कुठवर आली ते घरबसल्या कळतं.

घरात आयफोन असेल तर ‘फाइंड माय’ चालू आहे ना, ते बघा आणि चोरी झालेल्या फोनसाठीचं संरक्षण सुरू करा. ते चालू असलं की अनोळखी ठिकाणी अ‍ॅपल खात्याचा पासवर्ड बदलायला चेहरा किंवा बोट लागतं, शिवाय तासभर थांबावंही लागतं.

आता स्क्रीनलॉक. ‘मला नको ते कुलूप, घाईत उघडत नाही’ हे तुम्ही ऐकलं असेलच, आणि त्यात तथ्यही आहे. शेतात, चुलीपाशी आयुष्य गेलेल्या बोटांचे ठसे झिजलेले असतात. त्यात हात ओला असला की सेन्सर दाद देत नाही. पावसातल्या वाटेवर नुसत्या ठशावर भिस्त ठेवू नका, सहा आकडी पिन लावा. जन्मसाल नको, लग्नाची तारीख नको, गाडीचा नंबर नको. आईला स्वतःला आकडे निवडू द्या आणि चार-पाच दिवस रोज चहाच्या वेळी तिच्याच हाताने फोन उघडायला लावा. बोटांना सवय झाली की तक्रार थांबते. लॉक असताना मेसेजचा मजकूर पडद्यावर दिसणार नाही अशी सेटिंग करा, कारण ओटीपी तिथूनच वाचले जातात. लॉक न उघडताच वरची पट्टी ओढून विमान मोड लावता येतो का, तेही तपासा; चोराने तो लावला की फोन शोधणं अवघड होतं. येत असेल आणि फोनमध्ये ते बंद करायची सोय असेल, तर जरूर बंद करा.

लॉकस्क्रीनवर एक ओळ लिहिता येते. वारीत तिच्याइतकी उपयोगी गोष्ट दुसरी नाही. इथे पडलेला फोन उचलणारा बहुतेक वेळा दुसरा वारकरीच असतो आणि त्याला तो परत द्यायचा असतो, फक्त कुणाला ते कळत नाही. म्हणून लिहा : ‘माऊली, फोन सापडल्यास कृपया कळवा’, खाली दिंडीचा क्रमांक, ती रथापुढची की रथामागची, आणि दोन नंबर. एक तुमचा, दुसरा त्याच दिंडीत चालणाऱ्या कुणाचा तरी. घरचा पत्ता नको.

सिमकडे फारसं कुणी लक्ष देत नाही, पण माझ्या मते सगळ्यात मोठी भोकं तिथेच आहेत. फोन कितीही पक्का लॉक असू दे, चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि बँकेचे ओटीपी त्याच्याकडे येऊ लागतात. यावर उपाय सिमच्या पिनचा. तो लावला की फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाल्यावर किंवा सिम दुसरीकडे घातल्यावर आधी पिन मागितला जातो. कंपनीने दिलेला मूळ पिन कस्टमर केअरला विचारूनच टाका, अंदाजाने आकडे टाकत बसू नका. तीनदा चुकलं की सिम अडकतं आणि मग पीयूके क्रमांक लागतो, आणि तोही दहादा चुकला तर सिम कायमचं बाद होतं. वारीत बॅटरी संपून फोन बंद पडणं रोजचंच, म्हणजे हा पिन आईला वरचेवर टाकावा लागणार. सिमचा पिन चार ते आठ आकडी असू शकतो. त्यामुळे स्क्रीनचेच सहा आकडे इथेही ठेवा. दोन वेगळे पिन जास्त सुरक्षित हे खरं, पण सत्तरीच्या माणसाला लक्षात राहणारा एक पिन मला जास्त मोलाचा वाटतो.

एवढं करूनही एक फट राहते. लॉक असलेल्या फोनवर आलेला कॉल कुणालाही उचलता येतो, आणि काही ओटीपी कॉलवर बोलूनही सांगितले जातात. व्हॉट्सअ‍ॅपचं खातं अशा वाटेने दुसऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून त्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा.

सिम कुणाच्या नावावर आहे तेही आत्ताच बघून घ्या. डुप्लिकेट सिम काढायला ज्याच्या नावावर सिम आहे त्यालाच ओळखपत्रासह दुकानात जावं लागतं. सिम आईच्या नावावर असेल, तर नातेपुत्यात किंवा माळशिरसात दिंडी थांबेल तेवढ्या वेळात तिलाच ते करावं लागेल, म्हणून आधार कार्ड तिच्याजवळ हवं. तुमच्या नावावर असेल तर काम तुमच्याच गावात होतं.

पैशांचं थोडक्यात सांगते. वारीपुरतं यूपीआयला फक्त एकच खातं जोडलेलं ठेवा आणि त्यात थोडीच रक्कम असू द्या. पेन्शनचं खातं काही दिवस काढून टाकलं तर काही बिघडत नाही. यूपीआय लाइटमधले पैसे पिनशिवाय जातात. ते वापरत नसाल तर बंद करा. नंतर फोटो चाळा : पासबुकाचं पहिलं पान, एटीएम कार्डाच्या दोन्ही बाजू, आधार, पॅन हे सगळं गॅलरीत सापडेल. संपर्कांच्या यादीत ‘एटीएम’ नावाने चार आकडे जपून ठेवलेले आहेत का, तेही बघा. असतात. ते पुसा. नातवंडांचे फोटो मात्र गूगल फोटोजमध्ये चढले आहेत ना आणि नंबर खात्यात साठले आहेत ना, याची खात्री करा. फोन गेल्यावर आई हळहळते ती त्यासाठीच.

मग कागद. *#०६# दाबा, पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसेल. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. दोन्हींचा फोटो तुमच्या फोनमध्ये ठेवा, सोबत खरेदीचं बिलही. ऑनलाइन घेतलेल्या फोनचं बिल ऑर्डरच्या इतिहासातून आजच उतरवून घ्या. आईजवळ द्यायची चिठ्ठी वेगळी. जाड पुठ्ठ्यावर बॉलपेनने, मोठ्या अक्षरात : तुमचा नंबर, दिंडीतल्या सोबतिणीचा नंबर, दिंडीप्रमुखांचा नंबर, बँकेचा हेल्पलाइन नंबर, सिम कंपनीचा नंबर, सायबर फसवणुकीसाठी १९३० आणि पोलिसांसाठी ११२. दोन्ही बाजूंनी रुंद चिकटपट्टी लावली की पाऊस लागत नाही. या चिठ्ठीवर पिन लिहायचा नाही. ती फोनच्या कव्हरमध्येही ठेवायची नाही, कारण फोनबरोबर तीही जाईल. कमरेच्या पिशवीत, गोळ्यांसोबत ठेवा. मुलांचेसुद्धा नंबर आज कुणाला तोंडपाठ नसतात.

वाटेवर फोन कुठे जातो, हेही बोलून ठेवा. बाबांचा फोन सदऱ्याच्या वरच्या खिशात असतो. चांदोबाच्या लिंबापाशी रिंगण झालं की अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावायला सगळे एकदम धावतात, वाकतात, आणि फोन त्या मातीत पडतो. गळ्यात अडकवून सदऱ्याच्या आत राहील अशी झिपची पिशवी शिवून द्या. दुसरी जागा चार्जिंगची. मुक्कामाच्या शाळेत एकाच बोर्डाला दहा-पंधरा फोन लावलेले असतात आणि त्यातले निम्मे काळ्या कव्हरचे. अदलाबदल सहज होते. आईच्या कव्हरवर आणि चार्जरवर रंगीत दोरा बांधा, आणि शक्य असेल तर पॉवर बँकच द्या, म्हणजे फोन नजरेआड करावा लागणार नाही. तिसरी जागा चंद्रभागेच्या स्नानाची. कपड्यांच्या गाठोड्यात फोन ठेवून सगळ्यांनी एकदम पाण्यात उतरायचं नाही, एकीने काठावर थांबायचं.

आणि हरवलाच तर? आईने करायची गोष्ट एकच : सोबतिणीच्या फोनवरून तुम्हाला कळवायचं. बाकीचं घरच्यांनी करायचं. आधी त्या नंबरवर फोन लावा. सापडलेला फोन उचलला जातो, तो वाजल्यावर. कुणी उचलला तर भेट दिंडीच्या मुक्कामी किंवा पोलीस मदत केंद्रात ठरवा. पलीकडून पिन किंवा ओटीपी विचारला तर सांगू नका, आणि ‘तुमचा फोन सापडला आहे’ म्हणून आलेली लिंक उघडू नका. कुणी उचललं नाही तर फाइंड हबवरून फोन दुरूनच लॉक करा, नकाशावरची शेवटची जागा आणि वेळ यांचा स्क्रीनशॉट घ्या, फोन वाजवून बघा. नकाशात अनोळखी वस्ती दिसली तर एकट्याने जाऊ नका, पोलिसांना सोबत घ्या.

सिम लगेच बंद करायचं की थांबायचं? सिमला पिन असेल, मजकूर लपवलेला असेल, तर तास-दोन तास थांबा. सिम बंद केलं की इंटरनेट जातं आणि फोन शोधणं अवघड होतं. वरची तयारी झालेली नसेल तर थांबू नका : आधी बँकेला सांगून यूपीआय बंद, लगेच सिम बंद. पैसे गेल्याचं दिसलं तर त्याच क्षणी १९३०. फोनमधलं सगळं पुसून टाकायचा पर्याय अगदी शेवटी वापरा, कारण पुसल्यावर तो नकाशावर सापडत नाही. आयफोन असेल तर तो खात्यातून काढून टाकू नका. काढलात तर त्याचं कुलूप उघडून दुसऱ्याला तो वापरता येतो.

तक्रारीचा गोंधळ वारीत हमखास होतो. ज्ञानोबांची पालखी पुणे, सातारा, सोलापूर अशा तीन जिल्ह्यांतून जाते. फोन फलटणला गेलेला असतो आणि लक्षात येतं पुढच्या मुक्कामी. तक्रार त्याच हद्दीत द्यायला मागे फिरायची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३नुसार चोरीचा गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, मग तो योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. फोन हिसकावला किंवा चोरला असेल तर तक्रारीत तसंच लिहून घ्या, ‘गहाळ’ लिहू देऊ नका. खरोखरच पडला असेल तर गहाळ नोंद पुरते. काहीही असो, प्रत हातात घ्या.

ती प्रत, बिल, ओळखपत्र आणि आयएमईआय घेऊन सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर फोन ब्लॉक करायचा अर्ज भरा. ही सोय मे २०२३ पासून देशभर आहे. ओटीपी हरवलेल्याच नंबरवर येतो, म्हणून आधी डुप्लिकेट सिम हवं, आणि नव्या सिमवर एसएमएस सुरू व्हायला २४ तास लागतात. तेवढा दिवस हिशेबात धरा. अर्ज झाल्यावर साधारण २४ तासांत तो फोन देशातल्या कोणत्याही नेटवर्कवर चालेनासा होतो. पोलिसांचा शोध त्याने थांबत नाही. अर्जाचा क्रमांक मिळेल, तो बिलासोबतच जपून ठेवा. फोन पंढरपुरात मिळो की दोन महिन्यांनी पोलीस ठाण्यातून, आधी पोलिसांत तो मिळाल्याची नोंद करा आणि मग त्याच क्रमांकाने तो पुन्हा सुरू करून घ्या, नाहीतर हातात आलेला फोन सिम घातलं तरी नेटवर्क पकडणार नाही.