यार्डाच्या सुनावणीला जाण्याआधी

पालिकेचं रस्ते-गटार देखभालीचं यार्ड आपल्या सेक्टरजवळ होणार अशी नोटीस निघाली की सोसायट्यांमध्ये सह्यांची मोहीम सुरू होते. माझं मत आधीच सांगते: यार्ड लागतंच. नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर वसलाय. भरतीला धारण तलावांचे (पावसाचं पाणी साठवून खाडीत सोडणारे तलाव) फ्लॅप गेट, म्हणजे खाडीचं पाणी आत येऊ न देणारी झडपेसारखी दारं, मिटतात आणि त्याच वेळी पाऊस कोसळत असेल तर पाणी शहरातच अडकून राहतं. अशा रात्री पंप, जेटिंग गाडी (जोरदार पाण्याच्या झोताने गटार मोकळं करणारी) आणि चेंबरची झाकणं हाताशी असावी लागतात. म्हणून तयारी करायची ती अटी लेखी पदरात पाडून घेण्याची.

पहिलं काम, नोटीस कोणाची आहे ते बघा. आपल्याकडे भूखंड सिडकोचा (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ), नियोजन प्राधिकरण महापालिका आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात एमआयडीसी (राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ), असा गुंता नेहमीचाच. चुकीच्या टेबलावर दिलेली हरकत तिथेच पडून राहते. मग कलम वाचा. उद्यान किंवा मैदानाचं आरक्षण बदलून यार्ड करायचं असेल, तर बहुधा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खालचा फेरबदल, म्हणजे मंजूर विकास आराखड्यातला बदल, असतो. त्यात नोटिशीच्या तारखेपासून एक महिन्याच्या आत हरकत-सूचना द्यायची असते. तारीख नोटिशीवरची धरा, तुमच्या हातात ती कधी पडली यावर जाऊ नका.

नगररचना विभागातून त्या भूखंडाचा झोन दाखला (जमीन कशासाठी ठेवली आहे ते सांगणारा) आणि भाग नकाशा (विकास आराखड्याचा तेवढाच तुकडा) मागून घ्या. माहिती अधिकाराचा अर्जही पहिल्याच दिवशी टाका, 10 रुपये लागतात. पण उत्तराची मुदत 30 दिवसांची, म्हणजे उत्तर येईपर्यंत हरकतीची मुदत संपलेली असू शकते. त्यामुळे कार्यालयात जाऊन नकाशा प्रत्यक्ष बघा, वहीत उतरवून घ्या आणि त्यावरच हरकत लिहा.

आता जागेवर जा. इथे घाई करू नका. सकाळी शाळेच्या बस येतात तेव्हा एकदा आणि रात्री दहानंतर एकदा, असं दोन्ही वेळा उभं राहून बघा. गेटसमोरचा रस्ता टेपने मोजा, दोन्ही बाजूंना गाड्या लागल्यावर मधे किती उरतो तेही लिहा. डंपर तिथे एका दमात वळेल का? वळला नाही तर तो रिव्हर्स घेणार, आणि मध्यरात्री रिव्हर्सचा पीं-पीं आवाज समोरच्या इमारतीतल्या सगळ्यांची झोप उडवणार. रस्त्यांची कामं रात्रीच निघतात, त्यामुळे हे रोजचं होईल. उपाय साधा आहे: आत जायचं गेट वेगळं, बाहेर पडायचं वेगळं, आणि आत गाडी गोल फिरेल एवढी मोकळी जागा. आराखड्यात ही जागा दाखवली आहे का ते विचारा. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलची मर्यादा आहे, हा आकडा हरकतीत घाला. शंभर मीटरच्या आत शाळा किंवा रुग्णालय असेल तर तेही नकाशावर खूण करून दाखवा.

पाणी कुठे जाणार, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच राहून जातो. गाड्या धुण्याच्या रॅम्पवरचं तेलकट पाणी पावसाळी गटारात गेलं, की तिथून धारण तलावात आणि पुढे ठाणे खाडीत. त्याच खाडीत 2015 मध्ये जाहीर झालेलं फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 पासून ते रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. रॅम्पला ऑइल-ग्रीस ट्रॅप (पाण्यातलं तेल अडवणारी टाकी) हवा, डिझेलच्या टाकीखाली गळती अडवणारा कठडा हवा, आणि ट्रॅप कोण, किती दिवसांनी साफ करणार हे लिहिलेलं हवं. भूखंडाच्या कडेला कांदळवन असेल तर अंतर मोजाच. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाप्रमाणे कांदळवनाभोवतीचा 50 मीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा आहे.

खडी-ग्रीटचे ढीग झाकलेले असावेत, डांबर तिथे वितळवू नये, गोण्यांतला तयार कोल्ड मिक्सच (न तापवता खड्ड्यात भरायचं डांबर-खडीचं मिश्रण) ठेवावा. भूखंडावरच्या झाडांचे फोटो काढून यादी करा. तोडायची असतील तर 1975 च्या झाडांच्या कायद्याखाली वेगळी परवानगी लागते. अग्निशमनचा ना हरकत दाखला मागा.

आणि हेही विसरू नका, तिथे माणसं काम करणार आहेत. गटारातला गाळ काढून आलेल्या कामगाराला अंघोळीला गरम पाणी, कपडे बदलायची खोली, बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह आणि डबा खायला सावली, एवढं आराखड्यात नसेल तर आपल्या हरकतीत लिहा. कंत्राटी कामगार सुनावणीत स्वतः बोलेल अशी अपेक्षा धरता येत नाही. आपण बोलू शकतो.

हरकत मराठीत, दोन पानांत, मुद्द्यांना क्रमांक देऊन. शंभर जणांनी एकच छापील कागद देण्यापेक्षा प्रत्येक इमारतीने आपल्या खिडकीतून दिसणारी अडचण लिहावी. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सुनावणीत बोलायला मिळतात ती दोन-चार मिनिटं, म्हणून एकाने वाहतूक, दुसऱ्याने पाणी, तिसऱ्याने कामगार असं वाटून घ्या. पोच, भाग नकाशा, फोटो आणि मोजमापाचा कागद फाइलमध्ये याच क्रमाने लावा. अधिकारी तोंडी 'करू' म्हणाले, तर ते इतिवृत्तात (सुनावणीच्या लेखी नोंदीत) घ्या अशी तिथल्या तिथे विनंती करा.

कलम 37 चा प्रस्ताव सुनावणीनंतर मंजुरीसाठी राज्य शासनाच्या नगरविकास विभागाकडे जातो. म्हणून इतिवृत्ताची प्रत मागण्याचा अर्ज सुनावणीच्याच दिवशी द्या. त्यात आपल्या अटी गाळलेल्या दिसल्या तर त्याच आठवड्यात नगरविकास विभागाला पत्र लिहा, सोबत शिक्क्याची पोच जोडा, आणि एक प्रत कोकण भवनातल्या नगररचना सहसंचालक कार्यालयात द्या.